ग्लायसिनवर हायड्रॉक्सिलचा हल्ला: मुक्त मूलकांचं पहिलं गणित संगणकावर कसं मांडावं

पाण्यात विरघळलेल्या ग्लायसिनवर (सगळ्यात साधं अमिनो आम्ल) हायड्रॉक्सिल मूलक (जोडी नसलेला एकटा इलेक्ट्रॉन बाळगणारा ओ-एच) किती वेगाने तुटून पडतं, हे प्रयोगातून चांगलं ठाऊक आहे. वेगस्थिरांक सुमारे १ कोटी ७० लाख प्रति मोलर प्रति सेकंद. हाच आकडा आपल्या लॅपटॉपवर, रेणूच्या भूमितीपासून सुरुवात करून काढायचा, आणि आलेलं उत्तर प्रयोगापासून किती लांब पडलं व का पडलं हे सांगता यायला हवं, एवढंच या लेखाचं काम. वाचक एम.एस्सी.ला असेल किंवा नुकताच पीएच.डी.ला लागलेला असेल, पुंजरसायनाची तोंडओळख असेल, पण मुक्त मूलकाचा जॉब कधी चालवलेला नसेल, असं धरून चाललो आहे.

सुरुवातीलाच एक मत नोंदवून ठेवतो. नवखा माणूस सगळा वेळ फंक्शनल (इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून ऊर्जा काढायचं सूत्र) कुठलं आणि बेसिस सेट (ऑर्बिटलं मांडायच्या फलनांचा संच) कुठला यात घालवतो. या विषयात उत्तरं बिघडतात ती बहुतेक वेळा त्याच्या आधी: रेणू कुठल्या रूपात ठेवला, प्रोटॉन कुठे आहे, कुठल्या हायड्रोजनवर हल्ला धरला, तुलना कशाशी केली. संगणक इनपुट फाईलमध्ये जे लिहिलंय तेच सोडवतो. ते रसायन पाण्यात खरोखर घडतं का, हे तो विचारत नाही.

पायरी १: आधी प्रयोगाचा आकडा हातात घ्या

ग्लायसिन निवडण्याचं कारण सोपं आहे. अणू फक्त १०, हायड्रॉक्सिल धरून १२. शिवाय मोजलेला आकडा उपलब्ध आहे. पाण्यातल्या हायड्रॉक्सिलच्या वेगस्थिरांकांचं मोठं संकलन १९८८ साली बक्स्टन, ग्रीनस्टॉक, हेल्मन आणि रॉस यांनी केलं. आजही तुलनेसाठी पहिला हात तिकडेच जातो.

हे आकडे आले कुठून, हेही थोडं समजून घ्या, कारण आपण नेमकं तेच मोजायला निघालो आहोत. पल्स रेडिओलिसिसमध्ये इलेक्ट्रॉनांचा अतिशय छोटा झोत पाण्यात सोडतात. पाणी फुटून हायड्रॉक्सिल, हायड्रोजन अणू आणि पाण्यात अडकलेले इलेक्ट्रॉन तयार होतात. द्रावणात नायट्रस ऑक्साइड भरून ठेवलेला असेल तर त्या इलेक्ट्रॉनांचंही हायड्रॉक्सिलमध्ये रूपांतर होतं. हायड्रॉक्सिल स्वतः प्रकाश फारसं शोषत नाही, म्हणून बऱ्याचदा थायोसायनेटला स्पर्धक म्हणून उतरवतात: त्यापासून तयार होणारं मूलक ४७५ नॅनोमीटरच्या आसपास ठळक दिसतं, आणि अमिनो आम्लाने किती हायड्रॉक्सिल पळवलं हे त्या रंगाच्या घटीवरून कळतं. हे तंत्र आपल्याकडे दूरचं नाही. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात ७ एमईव्हीच्या रेषीय त्वरकावर ही सोय आहे, आणि पुणे विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात मुक्त मूलक संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र उभं राहिलं होतं. जवळपास असाल तर एकदा प्रयोग करणाऱ्याशी बोला. मोजलेल्या आकड्यामागे कुठला पीएच होता, हा प्रश्न तो सगळ्यात आधी विचारेल, आणि आपली दुसरी पायरी तीच आहे.

पायरी २: प्रोटॉन कुठे आहे?

या लेखातली सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, म्हणून इथे जरा थांबतो.

ग्लायसिनच्या आम्ल गटाचा पीकेए (ज्या पीएचला निम्म्या रेणूंचा प्रोटॉन सुटलेला असतो) २.३४ आणि अमोनियम टोकाचा ९.६०. म्हणजे पीएच ७ला ते झ्विटर आयन असतं: एका टोकाला धन अमोनियम, दुसऱ्या टोकाला ऋण कार्बोक्सिलेट. एकूण प्रभार शून्य. पाठ्यपुस्तकात काढलेलं साधं रूप, म्हणजे एका बाजूला अमिनो आणि दुसऱ्या बाजूला कार्बोक्सिलिक आम्ल, याचाही प्रभार शून्यच. इनपुट फाईलमध्ये प्रभार ० आणि मल्टिप्लिसिटी (एकट्या इलेक्ट्रॉनांची संख्या अधिक एक) १ लिहिली की दोन्ही फाईली सारख्याच दिसतात. फरक फक्त निर्देशांकांत, म्हणजे एक प्रोटॉन नायट्रोजनवर ठेवलाय की ऑक्सिजनवर, एवढ्यात. बघणाऱ्याच्या डोळ्यांतून हे सहज निसटतं.

बरं, झ्विटर आयन नीट काढून दिला आणि द्रावकाचा उल्लेख विसरलात, तर निर्वातात ऑप्टिमायझेशन होताना प्रोटॉन गुपचूप नायट्रोजनवरून ऑक्सिजनवर उडी मारतो. एकट्या ग्लायसिनचा झ्विटर आयन वायुरूपात टिकत नाही. जॉब व्यवस्थित संपतो, कुठेही चूक दाखवत नाही, आणि तुमच्या हातात वेगळाच रेणू येतो. म्हणून दोन सवयी लावून घ्या. पाण्याचं प्रतिमान (भोवतालचं पाणी सलग माध्यम धरणारं गणित) पहिल्या ऑप्टिमायझेशनपासूनच चालू ठेवायचं. मारेनिच, क्रेमर आणि ट्रुलार यांचं २००९चं एसएमडी प्रतिमान यासाठी रूढ आहे. आणि प्रत्येक ऑप्टिमायझेशन संपल्यावर शेवटची भूमिती उघडून नायट्रोजनवरचे हायड्रोजन मोजायचे. तीन असले पाहिजेत.

एका प्रोटॉनने इतकं काय बिघडतं? हायड्रॉक्सिल इलेक्ट्रॉनांचं भुकेलं मूलक आहे. जिथे इलेक्ट्रॉनांची घनता जास्त, तिथे ते आधी जातं. शेजारी धन अमोनियम बसला की अल्फा कार्बनवरची (दोन टोकांच्या मधला कार्बन; त्याच्यावरचा हायड्रोजन ओढून हायड्रॉक्सिलचं पाणी होतं) घनता ओढली जाते आणि हल्ला मंदावतो. पीएच ९.६च्या वर गेलात की अमोनियमचा प्रोटॉन जातो, नायट्रोजनची एकटी जोडी मोकळी होते, आणि मोजलेला वेग शंभर पटींहून जास्त वाढतो. तिथे हायड्रॉक्सिलला नायट्रोजनवरूनही इलेक्ट्रॉन किंवा हायड्रोजन ओढता येतो. म्हणजे अमिनो रूप घेऊन गणित केलं आणि पीएच ७च्या आकड्याशी ताडून पाहिलं, तर कितीही उंची पद्धत वापरा, उत्तर जुळायला नको. आणि जुळलंच तर जास्त काळजी करा.

पायरी ३: हत्यारं

ऑर्का हा प्रोग्रॅम शैक्षणिक वापरासाठी मोफत आहे; जर्मनीतल्या म्युलहाइमच्या माक्स प्लांक संस्थेत फ्रांक नेझे यांच्या गटाने तो वाढवला. गाउसियन तुमच्या विभागाकडे असेल तर तोही चालेल, इथली प्रत्येक पायरी त्यातही करता येते. रेणू काढायला आणि कंपनं हलताना बघायला अव्होगाड्रो. संरूपं (बंधांभोवती फिरून रेणू घेतो ते वेगवेगळे आकार) शोधायला ग्रिमे गटाचे एक्सटीबी आणि क्रेस्ट. एवढं पुरे.

१२ अणूंना सुपरकंप्युटर लागत नाही. चार कोअर आणि १६ जीबी मेमरीचा लॅपटॉप साध्या ऑप्टिमायझेशनला मिनिटं घेईल, कंपनांच्या वारंवारतेच्या जॉबला काही तास. पुढे पेप्टाइडकडे वळलात की संस्थेच्या क्लस्टरवर खातं काढा. पुण्याच्या आयसरमध्ये परम ब्रह्म हा सुपरकंप्युटर आहे, तशी सोय आता बऱ्याच ठिकाणी झाली आहे. घरी चालवत असाल तर वीज जाणार हे धरूनच चाला. ऑर्का प्रत्येक टप्प्याची भूमिती आणि तरंगफलन वेगळ्या फाईलींत ठेवतो, तिथून पुन्हा सुरू करता येतं. पहिल्यापासून चालवू नका. फोल्डरचं नाव रोमन लिपीत, मध्ये मोकळी जागा न सोडता ठेवा. मराठी नाव दिलेलं फोल्डर बघायला छान वाटतं, पण जुन्या स्क्रिप्ट त्यावर अडखळतात.

पायरी ४: इलेक्ट्रॉन मोजा, मग पद्धत निवडा

ग्लायसिनचे इलेक्ट्रॉन ४०, हायड्रॉक्सिलचे ९, एकत्र ४९. विषम संख्या, म्हणजे एक इलेक्ट्रॉन एकटा, म्हणजे मल्टिप्लिसिटी २. पाच जॉब लागतील (कंसात प्रभार आणि मल्टिप्लिसिटी): ग्लायसिन (० आणि १), हायड्रॉक्सिल (० आणि २), संक्रमण अवस्था, म्हणजे पायरी ६ मधली खिंड (० आणि २), ग्लायसिल मूलक, म्हणजे अल्फा हायड्रोजन गमावलेलं ग्लायसिन (० आणि २) आणि पाणी (० आणि १). ही यादी कागदावर लिहून भिंतीला लावा.

फंक्शनलबद्दल. बी३एलवायपी सगळ्यांच्या हाताशी असतं, पण इथे ते नको. हायड्रोजन ओढून घेणाऱ्या अभिक्रियांचे अडथळे ते खरे असतात त्यापेक्षा कमी दाखवतं. इलेक्ट्रॉन स्वतःशीच प्रतिकर्षण करतो ही जी घनता-सिद्धांताची जुनी खोट आहे, ती मूलकांत जास्त टोचते, कारण एकट्या इलेक्ट्रॉनाची घनता दोन अणूंवर पसरवून टाकणं अशा फंक्शनलला उगाच स्वस्त वाटतं. हायड्रॉक्सिलसारख्या अधीर मूलकाच्या बाबतीत कधी कधी संक्रमण अवस्था सापडतच नाही. हार्ट्री-फॉक विनिमयाचा वाटा जास्त असलेली फंक्शनलं घ्या: झाओ आणि ट्रुलार यांचं एम०६-२एक्स, किंवा ओमेगा-बी-९७-एक्स कुळातलं विक्षेपणाची दुरुस्ती असलेलं एखादं. दोन्हींनी करून बघितलं आणि उत्तरात १-२ किलोकॅलरींचा फरक आला तर घाबरू नका; तो फरक म्हणजेच तुमच्या उत्तराचा प्रामाणिक अंदाजपट्टा.

बेसिस सेट तिहेरी-झीटा दर्जाचा आणि विसरित (दूरवर पसरलेली) फलनं असलेला हवा, कारण कार्बोक्सिलेटवर ऋण प्रभार आहे. ऑर्कात डेफ२-टीझेडव्हीपीडी चालेल. मिनेसोटा फंक्शनलं (एम०६-२एक्स त्यांतलंच) संख्यात्मक जाळीबद्दल नाजूक असतात, म्हणून जाळी सगळ्यात बारीक ठेवा (डेफग्रिड३) आणि एससीएफची (इलेक्ट्रॉनांचं उत्तर पुन्हा पुन्हा सुधारत स्थिर करायची फेरी) अट कडक करा. नाहीतर वारंवारतांमध्ये २०-३० प्रति सेंटिमीटरची खोटी काल्पनिक वारंवारता उगवते आणि तुम्ही दोन दिवस भूमितीशी झगडत बसता.

अंतिम ऊर्जा आणखी पक्की करायची असेल तर मिळालेल्या भूमितींवर डीएलपीएनओ-सीसीएसडी(टी) पद्धतीचा सिंगल पॉइंट (भूमिती न हलवता नुसत्या ऊर्जेचा जॉब) चालवा. १२ अणूंना परवडतो.

पायरी ५: सुटे रेणू, आणि दोन चाचण्या

आधी हायड्रॉक्सिल. बंध सुमारे ०.९७ अँगस्ट्रॉम यायला हवा. आउटपुटमध्ये एस वर्गाची (स्पिन किती शुद्ध आहे याचं माप) किंमत शोधा: शुद्ध डब्लेटची, म्हणजे मल्टिप्लिसिटी २ची, ०.७५. सुट्या हायड्रॉक्सिलला ती याच्या अगदी जवळ असते. संक्रमण अवस्थेत थोडी वाढते. ०.७८च्या पुढे गेली तर थांबून बघा, ०.८च्या वर गेलेल्या उत्तरावर पुढचं काही बांधू नका.

मग ग्लायसिन, मग ग्लायसिल मूलक आणि पाणी. प्रत्येकाच्या वारंवारता काढा. स्थिर रेणूला एकही काल्पनिक वारंवारता नको. ऑर्का ती ऋण आकड्यासारखी छापतो.

आता चाचणी. पाण्यातला एक ओ-एच बंध तोडायला लागणारी ऊर्जा, म्हणजे हायड्रॉक्सिल अधिक हायड्रोजन अणू वजा पाणी, ही वायुरूपात काढा. प्रयोगाचा आकडा २९८ केल्विनला ११९ किलोकॅलरी प्रति मोल. तुमची पद्धत त्याच्या दोन-तीन किलोकॅलरींत येत नसेल, तर पुढे जाण्यात अर्थ नाही. दुसरी चाचणी ग्लायसिनच्या साध्या, अमिनो रूपाची: त्याचा अल्फा कार्बन-हायड्रोजन बंध ८० किलोकॅलरींच्या आसपास, कार्बन-हायड्रोजनच्या मानाने फारच ढिला. कारण तयार होणाऱ्या मूलकाला एका बाजूने नायट्रोजन इलेक्ट्रॉन देतो आणि दुसऱ्या बाजूने कार्बोनिल ओढून घेतो, त्यामुळे तो दुहेरी आधाराने स्थिर होतो. याला कॅप्टोडेटिव्ह परिणाम म्हणतात. झ्विटर आयनात नायट्रोजनची जोडी प्रोटॉनने अडकवलेली असते, त्यामुळे हा आधार निम्मा गळतो. हे दोन्ही रूपांसाठी स्वतः काढून बघा. पायरी २ मध्ये जे शब्दांत सांगितलं ते इथे आकड्यांत दिसेल.

पायरी ६: खिंड शोधणे

संक्रमण अवस्था म्हणजे दोन खोऱ्यांमधली खिंड: वाटेने चालणाऱ्याला ती सगळ्यात उंच जागा, पण डावी-उजवीकडे बघितलं तर दोन्ही बाजूंनी डोंगर चढतच गेलेला. गणिताच्या भाषेत एका आणि एकाच दिशेने ऋण वक्रता. म्हणून एकच काल्पनिक वारंवारता.

थेट शोधायला जाऊ नका. ऑप्टिमाइझ केलेल्या ग्लायसिनजवळ हायड्रॉक्सिल असं ठेवा की त्याचा ऑक्सिजन अल्फा हायड्रोजनपासून २.२ अँगस्ट्रॉमवर येईल आणि कार्बन-हायड्रोजन-ऑक्सिजन जवळजवळ सरळ रेषेत असतील. मग हायड्रोजन-ऑक्सिजन अंतर २.२ पासून १.१ पर्यंत छोट्या पावलांनी कमी करत स्कॅन चालवा, बाकी सगळं मोकळं सोडा. ऊर्जेचा आलेख चढून उतरेल. माथ्यावरची भूमिती उचला, त्या जागी हेसियन (ऊर्जेच्या वक्रतांची सारणी) काढा, आणि तिथून संक्रमण अवस्थेचं ऑप्टिमायझेशन सुरू करा. विश्लेषणात्मक हेसियन तुमच्या फंक्शनलला मिळत नसेल तर संख्यात्मक काढा. वेळ जास्त लागेल, बाकी फरक नाही.

काय दिसायला हवं? अभिक्रिया खूप ऊष्मादायी आहे, म्हणून खिंड लवकर येते, म्हणजे भूमिती अभिक्रियाकांसारखी दिसते. कार्बन-हायड्रोजन बंध १.०९ वरून १.१५ ते १.२५च्या दरम्यान ताणलेला, हायड्रोजन-ऑक्सिजन अंतर अजून १.३ ते १.५. कार्बन-हायड्रोजन १.४च्या पुढे गेलेला दिसला तर संशय घ्या. काल्पनिक वारंवारतेचं कंपन अव्होगाड्रोत हलवून बघा: हायड्रोजन कार्बन आणि ऑक्सिजनमध्ये ये-जा करताना स्पष्ट दिसला पाहिजे. नुसता हायड्रॉक्सिलचा शेपटा डुलत असेल तर ती दुसरीच खिंड आहे. शेवटी आयआरसी (खिंडीवरून खोऱ्यात उतरणारी वाट) दोन्ही बाजूंना चालवा. एकीकडे ग्लायसिन आणि हायड्रॉक्सिल, दुसरीकडे ग्लायसिल आणि पाणी मिळालं, म्हणजे खिंड आपलीच.

इथे तीन गोष्टी वाट अडवतात. पहिली: स्कॅनमध्ये हायड्रॉक्सिल पळून कार्बोक्सिलेटला हायड्रोजन बंधाने चिकटतो. हे खरंही आहे, अशी जोडगोळी तयार होतेच. पण भोवती पाणी असताना कार्बोक्सिलेटचे हात आधीच पाण्याच्या रेणूंनी धरलेले असतात, त्यामुळे या जोडगोळीचं स्थैर्य गणितात फुगून दिसतं. सुदैवाने वेगस्थिरांक सुट्या अभिक्रियाकांपासून मोजला, की या जोडगोळीची ऊर्जा समीकरणातून निघून जाते. दुसरी: हायड्रॉक्सिलचा एकटा इलेक्ट्रॉन दोन समान पी ऑर्बिटलांपैकी कुठल्याही एकात बसू शकतो, आणि एससीएफ कधी कधी चुकीच्या इलेक्ट्रॉनी अवस्थेत स्थिरावतो. स्पिन घनता (एकटा इलेक्ट्रॉन कुठल्या अणूवर किती आहे) छापून घ्या. खिंडीवर ती मुख्यतः ऑक्सिजनवर आणि काही प्रमाणात अल्फा कार्बनवर दिसली पाहिजे. तरंगफलनाची स्थिरता तपासणीही एकदा चालवा.

तिसरी जरा खोल आहे. द्रावक आणखी खरा करावा म्हणून लोक एक-दोन पाण्याचे रेणू सोबत ठेवतात. चांगला विचार आहे, पण हायड्रॉक्सिलचा ऑक्सिजन पाण्याच्या किंवा कार्बोक्सिलेटच्या ऑक्सिजनला नाक लावून बसला, हायड्रोजन बंध न करता, आणि स्पिन दोन्ही ऑक्सिजनांवर अर्धी-अर्धी वाटली गेली, तर तो दोन केंद्रं-तीन इलेक्ट्रॉनांचा अर्धबंध आहे. पाण्याच्या बाबतीत तो बहुतांशी वर सांगितलेल्या स्व-प्रतिकर्षणाच्या खोटीतून आलेला असतो. अशी भूमिती टाकून द्या. मेथायोनिनच्या गंधकाजवळ मात्र असाच बंध खराखुरा असतो, तेव्हा सरसकट नियम करू नका.

पायरी ७: ऊर्जेवरून वेग

आता कॅल्क्युलेटर काढा. संक्रमण अवस्थेची मुक्त ऊर्जा वजा ग्लायसिन आणि हायड्रॉक्सिल यांच्या मुक्त ऊर्जांची बेरीज, हा तुमचा अडथळा. समजा तो ९.० किलोकॅलरी आला. आकडा निव्वळ उदाहरणाचा आहे, तुमचा तुम्ही घाला.

प्रोग्रॅम मुक्त ऊर्जा १ वातावरण दाबाच्या प्रमाण अवस्थेला देतो, आणि आपल्याला १ मोलर द्रावण हवं. दोन रेणूंचा एक होत असल्याने अडथळ्यातून १.८९ किलोकॅलरी वजा करायच्या. राहिले ७.११. ही वजाबाकी विसरली की वेग २४ पटींनी कमी येतो, आणि ती विसरलेले छापील लेखही सापडतील.

आयरिंग समीकरणात २९८ केल्विनला पुढचा गुणक ६.२१ लाख कोटी प्रति सेकंद, आणि घातांकातला भाजक ०.५९२५ किलोकॅलरी. ७.११ भागिले ०.५९२५ म्हणजे १२. ई चा उणे १२वा घात गुणिले ६.२१ लाख कोटी: ३ कोटी ८२ लाख. अल्फा हायड्रोजन दोन आहेत आणि दोन्हींकडे जाणारी वाट सारखीच, म्हणून दुप्पट: ७ कोटी ६० लाखांच्या थोडं वर. दोन्ही वाटा वेगवेगळ्या मोजून बेरीज केली असेल तर पुन्हा दुप्पट करू नका.

राहिलं टनेलिंग. हायड्रोजन हलका असल्याने खिंड न चढता थोडा आरपार जातो. विग्नरची दुरुस्ती हाताने करता येते: काल्पनिक वारंवारतेला २०७ने भागा, वर्ग करा, २४ने भागा, १ मिळवा. वारंवारता १००० प्रति सेंटिमीटर असेल तर उत्तर १.९७. १५००च्या वर गेली तर विग्नर भरवशाची नाही, एकार्टची दुरुस्ती वापरा. आपला वेग झाला सुमारे १५ कोटी.

प्रयोग म्हणतो १ कोटी ७० लाख. जवळजवळ नऊ पट जास्त. निराश होण्याआधी उलटं गणित करा: नऊ पटींचा फरक म्हणजे अडथळ्यातला १.३ किलोकॅलरींचा फरक. एक किलोकॅलरी चुकली की वेग ५.४ पट चुकतो, हा घातांकाचा स्वभाव आहे. चांगल्या घनता फंक्शनलची नेहमीची चूक तेवढी असतेच. प्रयोगाच्या आकड्यावरून परिणामी अडथळा (दोन वाटा आणि टनेलिंग त्यातच धरून) काढलात तर तो ७.६ किलोकॅलरी येतो; आपल्या १५ कोटींवरून तसाच काढला तर ६.३. तुलना त्या पातळीवर करा, पटींच्या पातळीवर नको.

चिकित्सक वाचकासाठी एक बारकावा. वायुरूप हायड्रॉक्सिलला जवळजवळ समान ऊर्जेच्या दोन अवस्था असतात, त्यांच्यात १४० प्रति सेंटिमीटरचं अंतर आहे, आणि प्रोग्रॅम त्यातली एकच मोजतो. वायूतल्या अभिक्रियेत यामुळे वेग दीडपट जास्त दाखवला जातो. पाण्यात भोवतालच्या रेणूंमुळे ही समानता मोडते, म्हणून इथे ती दुरुस्ती सहसा लावत नाहीत.

ग्लायसिनपुरतं इथे काम झालं, पण वेगवान अमिनो आम्लांसाठी एक बंधन लक्षात ठेवा. दोन रेणू एकमेकांना भेटतात त्यापेक्षा वेगाने त्यांची अभिक्रिया होऊ शकत नाही. पाण्यात २५ अंशांना सारख्या आकाराच्या दोन गोलकांसाठी ही मर्यादा ७४० कोटींच्या आसपास. हायड्रॉक्सिल छोटं आणि चपळ असल्याने प्रत्यक्षात ती थोडी वर जाते. ट्रिप्टोफॅन आणि टायरोसिन १,३०० कोटींच्या घरात आहेत, सिस्टीनही १,००० कोटींच्या वर. तिथे आयरिंग समीकरण लाखो कोटी देईल, आणि ते निरर्थक असेल. कॉलिन्स-किंबॉल पद्धतीने दोन्ही वेगांच्या व्यस्तांची बेरीज करून पुन्हा व्यस्त घ्या. मेक्सिकोतल्या आनिया गालानो आणि आल्वारेझ-इदाबोय यांनी द्रावणातल्या मूलकांसाठी हे सगळे टप्पे एका पद्धतीत बांधले आहेत, त्यांच्या कामात ही मांडणी पाहायला मिळेल. ग्लायसिन आणि अ‍ॅलानिनवर हायड्रॉक्सिलच्या हल्ल्याचं गणित त्यांच्या गटाने २००१ सालीच प्रसिद्ध केलं होतं.

पुढे कुठे जायचं

एकच रेणू जुळला म्हणजे पद्धत बरोबर आहे असं नाही. चुका एकमेकींना खोडूनही आकडा जुळतो. म्हणून मालिका करा. प्रयोगातले आकडे असे: ग्लायसिन १.७ कोटी, अ‍ॅलानिन ७.७ कोटी, व्हॅलिन ७६ कोटी, ल्युसिन १७० कोटी. चढता क्रम आला पाहिजे. आणि तो येण्यासाठी तुम्हाला प्रत्येक वेगळ्या हायड्रोजनसाठी वेगळी खिंड शोधावी लागेल, कारण इथे एक मजेशीर उलटापालट आहे. अल्फा बंध सगळ्यात ढिला, तरी ल्युसिनमध्ये हायड्रॉक्सिल तिथे फारसं जात नाही. अमोनियमपासून लांब असलेल्या बाजूच्या साखळीतला हायड्रोजन त्याला बरा वाटतो, बंध अधिक घट्ट असूनही. फक्त बंधऊर्जा मोजून कुठे हल्ला होईल ते ठरवणारे इथे फसतात. अडथळे मोजावेच लागतात.

फिनाइलअ‍ॅलानिन, टायरोसिन आणि ट्रिप्टोफॅनमध्ये हायड्रॉक्सिल हायड्रोजन ओढण्याऐवजी बहुतेक करून सरळ कड्याला जोडलं जातं. तिथे स्कॅन कार्बन-ऑक्सिजन अंतराचा करायचा, आणि कड्यावरच्या प्रत्येक जागेसाठी वेगळा. हिस्टिडिन घेण्याआधी त्याच्या बाजूच्या कड्याचा पीकेए ६च्या आसपास आहे हे आठवा. पीएच ७ला दोन्ही रूपं मोजावी लागतात आणि त्यांच्या प्रमाणात सरासरी काढावी लागते.

प्रथिनातल्या अवशेषाबद्दल बोलायचं असेल तर मोकळं अमिनो आम्ल वापरूच नका. साखळीत अमोनियमही नसतो आणि कार्बोक्सिलेटही; दोन्ही बाजूंना अमाइड असतो. नायट्रोजनवर अ‍ॅसिटिल आणि कार्बोनिलवर मिथाइल-अमाइड अशी टोकं बांधलेलं प्रतिमान घ्या. अणू दुप्पट होतील, संरूपंही वाढतील, तेव्हा क्रेस्टने आधी संरूपं चाळून घ्या आणि खालच्या दोन-तीन किलोकॅलरींतली सगळी पुढे न्या.

प्रत्येक अभिक्रियेसाठी एक तक्ता ठेवा: प्रोग्रॅमची आवृत्ती, फंक्शनल, बेसिस सेट, द्रावक प्रतिमान, प्रभार आणि मल्टिप्लिसिटी, एस वर्ग, काल्पनिक वारंवारता, विद्युत ऊर्जा, मुक्त ऊर्जा, १.८९ वजा केली की नाही याची खूण, आणि सगळ्या भूमितींचे निर्देशांक. परीक्षक आधी निर्देशांकच मागतात. ते उघडल्यावर नायट्रोजनवर तीन हायड्रोजन दिसतात का, हे तेही मोजतील.